हसण्याआधी एक फोन

मित्रांनो, फ्रिजच्या डोक्यावर, औषधांच्या डब्यामागे जो काळा चौकोनी तुकडा धूळ खात पडला आहे, तो मीच. मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेला आहे आणि बॅटरी फुगल्यामुळे पाठ थोडी उचलली गेली आहे. कामोठ्यातल्या या घरात आता कुणी मला हात लावत नाही. माझी काही तक्रार नाही. पण माझ्यापाशी एका माणसाची गोष्ट आहे, ती तेवढी ऐका.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते नंदकिशोरकाकांच्या निरोपसमारंभात. तळोज्याच्या एका कारखान्यात ते पंपांचे आराखडे काढत. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल आणि नारळ दिला आणि सोबत सिमकार्ड घालून मला. घरी आल्यावर वैजयंतीकाकू म्हणाल्या, "बरं झालं, मला रेसिपी बघायला होईल." पण दुसऱ्या दिवसापासून काकांनी मला सोडलंच नाही.

काकांना दोनच नाद होते. एक म्हणजे आकाशात जाणारी यानं आणि दुसरा म्हणजे शब्दांवरच्या कोट्या. हे दोन्ही नाद एकत्र पुरवणारी जागा त्यांना माझ्यात सापडली. 'कुतूहल कट्टा' नावाचा एक ग्रुप होता. तिथे विज्ञानातल्या साध्यासाध्या गमती निघत. बोलणारी मंडळी मुख्यतः तीनच. एक आमचे काका. दुसरी गीतांजली, वाशीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी. तिसरा हरेश, जुईनगर गावातला मूळचा माणूस. पूर्वी त्याच्या घरची शेती होती, आता नळ आणि पाइपांचं दुकान आहे. तिघं एकमेकांना कधी भेटले नव्हते. तरी सकाळचा चहा एकत्र घेतल्यासारखे ते रोज बोलत.

एकदा हरेशने विचारलं, "मॅडम, पोळी फुगते कशी वो?"

गीतांजलीने लिहिलं, "आतल्या पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती पोळी उचलते."

लगेच काकांचं बोट माझ्यावर नाचलं. "आमच्या घरी बायकोही अशीच फुगते. वाफ कोंडली की झालं."

दुसऱ्या एका दिवशी दूध उतू का जातं यावर चर्चा चालली होती. साय वाफेला अडवते, असं गीतांजलीने समजावलं, तेव्हा काकांनी लिहिलं, "म्हणजे सगळं सायन्स सायीतच आहे." प्लूटोचा विषय निघाला तर म्हणाले, "प्लूटोला ग्रहांतून काढलं, पण पूर्वग्रह अजून कोणी काढत नाही."

अशा वेळी ते स्वतःशीच हसत आणि माझी काच हलायची. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येई, "पुरे तुमच्या कोट्या. आंघोळीला जा." काकूंनी तो ग्रुप कधी उघडून पाहिला नव्हता.

ज्या संध्याकाळी चांद्रयान चंद्रावर अलगद उतरलं, त्या संध्याकाळी मला फुलदाणीला टेकवून ठेवलं होतं. काकूही पदराला हात पुसत येऊन बसल्या. यान टेकलं आणि काकांनी माझ्या काचेपुढे हात जोडले. मग त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "आज कोटी नाही. आज कोटी कोटी नमस्कार." सगळ्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस होते.

मग तो दिवस आला.

काकू सकाळीच पनवेलला बहिणीकडे गेल्या होत्या. दुपारी एक यान सुटणार होतं. काका मला टेबलावर उभं करून, बाजूला चहाचा कप घेऊन बसले होते. हवामानामुळे उड्डाण थोडं पुढे ढकललं गेलं. ग्रुपवर सगळे रिकामे बसले होते, त्यामुळे थट्टामस्करीला ऊत आला होता.

काकांनी कपाकडे हात नेला. हात पोचला नाही. तो टेबलावर आदळला, कप कलंडला आणि चहा माझ्यापर्यंत आला. काकांनी त्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं. तोंडाची एक बाजू उघडली, दुसरी तशीच राहिली. आवाज आला, पण त्यात शब्द नव्हता.

मग त्यांनी डाव्या हाताने मला जवळ ओढलं. ग्रुप उघडाच होता. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, "हात कपात नाही."

गीतांजलीचं उत्तर लगेच आलं. "काका, पगारकपात ऐकली होती. ही हातकपात नवीनच."

हरेशने लिहिलं, "आमच्याकडं पानीकपात हाय. हातकपात कवा चालू झाली?"

त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. काका त्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी पुन्हा बोट टेकवलं. 'वाच' एवढं उमटलं. कुणी शब्द सुरू केला की पुढचा सुचवायचा, हे माझं काम. मी तीन शब्द समोर धरले. वाचा, वाचन, वाचवा. त्यांचं बोट पहिल्यावर पडलं. तिसऱ्यापर्यंत ते पोचलं नाही.

ग्रुपवर शब्द गेला, "वाचा."

"वाचतेय की काका," गीतांजलीने लिहिलं, "तुम्ही पुढे लिहा तर."

तेवढ्यात उलटी मोजणी सुरू झाली. सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. यान ज्वाळा सोडत वर चढलं. माझ्या काचेवर तो सगळा उजेड होता आणि काकांचं डोकं माझ्या शेजारी, सांडलेल्या चहात टेकलं होतं. डोळे उघडे होते.

काकू दिवेलागणीला परतल्या. शेजारच्यांनी धावपळ करून गाडी आणली. काकांना उचलताना काकूंनी मलाही पिशवीत टाकलं, का ते त्यांनाही ठाऊक नसावं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "हे कधी सुरू झालं?"

"मी घरी नव्हते हो," काकू म्हणाल्या. मग त्यांना माझी आठवण झाली. त्यांनी मला उघडलं आणि पहिल्यांदाच तो ग्रुप पाहिला. उभ्याउभ्या त्या वाचत गेल्या. मग त्यांनी मला डॉक्टरांपुढे धरलं.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "दुपारीच सुरुवात झाली होती. तेव्हाच आणलं असतं तर मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध देता आलं असतं. आता ती वेळ गेली."

बाहेरच्या बाकावर बसून काकूंनी ग्रुपवर लिहिलं, "मी वैजयंती. यांना अर्धांगवायूचा झटका आला आहे. दुपारी ते कोटी करत नव्हते."



काका घरी आले, पण अर्धेच. उजवं अंग गेलं होतं आणि शब्द त्याहून जास्त गेले होते. ऐकलेलं उमगत नव्हतं, वाचलेलं उमगत नव्हतं. सगळ्या शब्दांतला एकच शब्द मागे उरला होता, "बरं." भूक लागली तरी "बरं", दुखलं तरी "बरं". बोलायला शिकवणाऱ्या बाई चित्रं घेऊन यायच्या. आंबा दाखवला की काका म्हणायचे "बरं". काही महिन्यांनी त्या बाईंनीच काकूंना सांगितलं, "याहून फार काही होईल असं वाटत नाही."

गीतांजली आणि हरेश भेटायला आले. आयुष्यात पहिल्यांदा तिघं एका खोलीत बसले होते. हरेश दारातच थबकला. "काकी, मी जुईनगरला ऱ्हातो. गाडी काढली असती तर लगेच आलो असतो. हसत काय बसलो आमी."

गीतांजली काकांचा हात धरून म्हणाली, "काका, मला कळायला हवं होतं."

"बरं," काका म्हणाले आणि खिडकीकडे पाहू लागले.

तिचा चेहरा पाहून काकू म्हणाल्या, "तुम्हाला काय बोल लावू? मी घरी असते तरी म्हटलं असतं, पुरे तुमच्या कोट्या."

पुढे काही दिवस दोघं येत राहिले. मग येणं विरळ झालं. ग्रुपवर कुणी कोटी केली की पुढे कुणी हसेना. एक दिवस माझ्यावर ओळ उमटली की गीतांजली ग्रुपमधून बाहेर पडली आहे. त्यानंतर हरेश सकाळची फुलांची चित्रं पाठवायचा. तीही थांबली.

एका दुपारी काकूंनी मला घेतलं आणि काकांजवळ बसल्या. त्यांनी जुनं सगळं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता त्या एका ओळीवर आल्या, "अवकाशात माणसाला वजन नसतं म्हणे. आमच्या घरात माझ्या शब्दाला वजन नाही. म्हणजे मी घरबसल्या अंतराळवीरच." काकूंना एकदम हसू फुटलं. इतकी वर्षं त्या या माणसाच्या कोट्यांना कधी हसल्या नव्हत्या, त्या आता पोट धरून हसल्या.

काकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थोड्या वेळाने तेही हसले, अर्ध्या ओठांनी.

"कळलं?" काकूंनी घाईने विचारलं. "तुम्हीच लिहिलंय हे. आठवलं?"

"बरं," काका म्हणाले.

काकूंनी थोडी वाट पाहिली. मग एक अगदी साधी ओळ वाचली, दुकानं बंद असल्याची, आणि मुद्दाम हसून पाहिलं. काका तसेच हसले. काकूंनी माझं कव्हर मिटलं आणि मला फ्रिजवर ठेवलं. त्यानंतर मला कुणी उघडलं नाही.

मित्रांनो, एखाद्या दिवशी मला भंगारात देतील. आम्हा वस्तूंना जपा, हे तुम्हाला पुष्कळांनी सांगितलं असेल. मी एवढंच मागतो. रोज हसवणाऱ्या माणसाचा शब्द कधी वेडावाकडा आला, तर हसा, पण त्याआधी त्याला एक फोन करा. त्या दुपारी माझी बॅटरी भरलेली होती, आवाज पूर्ण मोठा होता आणि मी काकांच्या कानापाशीच पडलो होतो. ग्रुपवर इतके जण जागे होते, पण काकू परतेपर्यंत मी एकदाही वाजलो नाही.