शहाळं झेलणार कोण

सासूबाई सेमारांग शहरातून, बहिणीकडून परत आल्या आणि एकाच घरात दोन बिऱ्हाडं झाली.

गाव त्यांना बू कासिनेम म्हणे, सून वेनिंगही बूच, म्हणजे आईच, म्हणायची. आल्या दिवसापासून बूंनी आपलं ताट आणि पेला वेगळा केला, अंथरूण मागच्या पडवीत नेलं. वेनिंग विहिरीवर आली की त्या बादली अर्धी सोडून उठायच्या. शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाजीची, पेचेलची, त्यांची टपरी एरवी आजारपणातही बंद नसे. आता 'पाय दुखतात' म्हणून ती बंद होती. आणि त्याच दुखऱ्या पायांनी बाई दिवसभर परसात येरझाऱ्या घालत होती.

वेनिंगला सातवा महिना लागला होता. नवरा प्रसोजो जहाजावर. तो थोड्या दिवसांच्या सुट्टीवर येऊन गेला, तेवढ्यात दिवस राहिले, आणि तेव्हापासून बायकांना बोटांवर महिने मोजायचा नादच लागला. दुसऱ्यांच्या पोटाची उठाठेव करण्यात या गावाचा हात कुणी धरणार नाही. त्यात शेजारची पोनिजा सगळ्यांच्या पुढे.

"सासू तुझ्याकडे बघतसुद्धा नाही गं हल्ली," ती कुंपणावरून म्हणाली. "बहिणीनं कान भरले असतील. प्रसोजो नक्की कधी आला होता?"

"मोजताय तुम्ही, मला काय विचारता?" वेनिंग म्हणाली. पण मनात पाल चुकचुकलीच.

बूंचं थायरॉइडचं दुखणं तिला माहीत होतं. गळा सुजलेला, डोळे बाहेर आल्यासारखे, दोन ताटं जेवूनही अंग झडलेलं, हातांना कंप. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या कितीतरी दिवस चालू होत्या. सेमारांगहून आल्यापासून मात्र बू गोळी घेताना दिसल्या नव्हत्या. म्हणजे दुखणं बरं झालं, असा वेनिंगनं हिशेब केला. मग हा दुरावा दुखण्याचा नाही, माझ्यावरच्या संशयाचा आहे.

तिच्या सातव्या महिन्याच्या न्हाणाचा दिवस जावा बेटाच्या पंचांगातून निघाला होता, तो हलवायची सोय नव्हती. न्हाणानंतर पोटुशीच्या कमरेला गुंडाळलेल्या सारोंगमधून पिवळं कोवळं शहाळं खाली सोडतात. त्यावर राजपुत्राचा चेहरा कोरलेला असतो. सासूनं तिच्या पायाशी बसून ते झेलायचं आणि नातवंडासारखं छातीशी धरायचं. सासूनं झेललं की पोर घराण्याचं, मग कुणी बोटं मोजत नाही. वेनिंगचा सगळा जीव त्या शहाळ्यात अडकला होता.

न्हाण झालं. ओलेत्या वेनिंगला नवा सारोंग गुंडाळला. म्हाताऱ्या सुईणीनं शहाळं उचललं आणि हाक मारली, "कासिनेम, ये, बैस इथं."

बू अंगणाच्या पार टोकाला, फाटकाजवळ उभ्या होत्या. "माझे हात थरथरतात. वेनिंगच्या आईला झेलू दे."

बायकांत कुजबुज सुरू झाली. पोनिजानं तर हसू लपवायला तोंडावर ओढणी घेतली. वेनिंगचं डोकं फिरलं. सुईणीच्या हातातलं शहाळं तिनं ओढून घेतलं आणि ती तरातरा सासूकडे निघाली.

"सकाळी भरलेली बादली उचललीत, तेव्हा नाही थरथरले हात?"

"तिथंच थांब, पोरी."

"का थांबू? पोटातलं पोर तुमच्या मुलाचं नाही, असंच ना? म्हणा की मग सगळ्यांसमोर."

बू मागे सरकत सरकत फाटकाला टेकल्या. आता जायला जागा नव्हती.

"लांब राहा म्हणते ना. माझ्या अंगात किरणं आहेत."

कुजबुजणाऱ्या बायका वळून बघू लागल्या.

"गोळ्यांनी भागेना," बू खाली बघत म्हणाल्या. "म्हणून सेमारांगच्या इस्पितळात किरणोत्सारी आयोडीन दिलं, गळ्यातली ग्रंथी आतून जाळायला. एकच कॅप्सूल. देणारा माणूससुद्धा दूर उभा राहिला. पोटुशी बाई आणि लहान पोरं, यांच्या जवळ तीन आठवडे जायचं नाही म्हणाले. ते कुठं संपलेत अजून?"

"मग मला सांगायचं होतं, बू."

"तुला सांगितलं की गावाला कळलं. किरणं म्हटल्यावर माझ्या हातचं पेचेल कोण खाणार? पुढं बरी झाले तरी कुणी खाणार नाही."

खरंच होतं ते. पोनिजा एव्हाना मागे सरकली होती आणि तिच्यामागे बाकीच्या. त्याच हातचं खाऊन यांची पोरं मोठी झाली होती. वेनिंगला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. भर अंगणात सासूच्या तोंडून हे तिनंच वदवलं होतं.

ती मागे सरली, चांगली लांब. शहाळं हातात तसंच होतं. ते जमिनीवर पडणं म्हणजे अपशकुन, हे सगळ्यांना ठाऊक.

"टाक," बू म्हणाल्या. त्यांनी खांद्यावरची ओढणी दोन्ही हातांनी पसरली. ओढणी थरथरत होती.

"नको गं," सुईण म्हणाली.

वेनिंगनं टाकलं. बू पुढे झेपावल्या, गुडघ्यांवर आपटल्या, पण शहाळं ओढणीतच आलं. त्यांनी ते छातीशी धरलं, कोरलेल्या चेहऱ्यावरचं पाणी पुसलं आणि पोनिजाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"नाक बघा. अगदी माझ्या प्रसोजोचं."