एका तारेवर दोन चिठ्ठ्या

मी एक जुनी लोखंडी तार आहे, मित्रांनो. लांबी हातभर. वरचे टोक अणकुचीदार आणि आकड्यासारखे वळलेले. चिठ्ठ्या खाली गळून पडू नयेत म्हणून माझ्या बुडाशी बाभळीची एक चकती होती, ती आता नाही. माझा रंग काळा आहे. बघणारे म्हणतात, गंजली बिचारी. गंज तांबडा असतो, एवढेही लोकांना कळत नाही. मी काळी का पडले, हेच तुम्हाला सांगायचे आहे.

अमरावतीला कापसाच्या रुईच्या गाठी दाबायचा एक कारखाना होता. तिथल्या भंगारात मी पडून होते. भगवंतराव नावाच्या गृहस्थांनी मला उचलले, लोहाराकडून अणकुचीदार टोक करून घेतले आणि चकती बसवून आपल्या दुकानात टांगले. त्यांचे घराणे वलगावचे, भाजीपाला पिकवणारे. गुडघा अधू झाला, शेतात वाकवेना, म्हणून त्यांनी अमरावतीच्या इतवारा बाजारात एवढेसे दुकान टाकले होते. मोटेचे नाडे म्हणजे जाड दोर, टोपल्या, खुरपी आणि मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, यांचे बी. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या गावांतल्या भाजीवाल्या बाया आणि त्यांचे धनी. माल आज न्यायचा आणि भाजी विकली गेली की पैसे आणून द्यायचे, असा सारा व्यवहार.

एकदा नत्थुजी नावाच्या गिऱ्हाइकाशी भगवंतरावांचे कडाक्याचे भांडण झाले. नत्थुजी म्हणे, पैसे दिले. भगवंतराव म्हणत, दिले नाहीत. दोघांनाही अक्षर येत नव्हते, त्यामुळे दोघांचेही आवाज मोठे होते. नत्थुजी पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. महिन्याने ते पैसे पालकाच्या बियाण्याच्या डब्यात सापडले. भगवंतराव त्या दिवशी जेवले नाहीत.

त्याच वर्षी त्यांच्या घरी सून आली, मनकर्णाबाई. ती चौथी पास होती. सासऱ्याने तिला हाताशी घेऊन एक पद्धत बसवली. माल गेला की सुनेने नाव, माल आणि रक्कम लिहून चिठ्ठी माझ्यात खोचायची, ती बरोबर मधोमध. पैसे आले की तशीच दुसरी चिठ्ठी लिहायची. पण ती दुकानदाराने खोचायची नाही. ज्याने पैसे दिले त्याने आपल्या हाताने खोचायची, आणि ती कोपऱ्यात. मधले भोक म्हणजे माल गेला. कोपऱ्यातले भोक म्हणजे पैसे पोचले. वाचता न येणाऱ्या माणसालाही बोटाने चाचपून कळावे, असा तो हिशेब होता.

बायांना ही पद्धत फार आवडली. पदराची गाठ सोडून पैसे मोजायचे आणि मग ऐटीत माझ्यासमोर उभे राहून चिठ्ठी टोचायची, याचा त्यांना मोठा डौल वाटे. वलगावच्या पार्वताबाईचे तर दर वेळी बोट टोचायचे. "तुही तार चावते वं, मनकर्णे!" असे म्हणत ती बोट तोंडात घालायची आणि हसायची. मी भरले की मनकर्णाबाई चिठ्ठ्या उतरवून, सुतळीने गड्डी बांधून फळीवर ठेवी. वीस वर्षांत एका पैशावरून त्या दुकानात कुणाचा आवाज चढला नाही. मला गर्व होता, मित्रांनो, आणि तो खोटा नव्हता.

भगवंतराव गेले. दुकान त्यांच्या मुलाकडे, शेषरावांकडे आले. शेषराव माणूस कष्टाळू, पण दोन गोष्टींत कच्चे. स्तुती झाली की विरघळायचे आणि सरकारी टोपी दिसली की गारठायचे.

सत्तेचाळीस साली सरकारने मध्यप्रांत-वऱ्हाडात विक्रीकर आणला. ज्याची वर्षाची विक्री ठरावीक रकमेच्या वर, त्याने कचेरीत नाव नोंदवायचे, ठरल्या मुदतीने विक्रीचा तक्ता भरायचा आणि कर जमा करायचा. बाजारात नुसती घबराट उडाली. मनकर्णाबाई मात्र घाबरली नाही. तिने वर्षाच्या गड्ड्या काढल्या, मधल्या भोकाच्या चिठ्ठ्या तेवढ्या वेगळ्या करून बेरीज केली आणि नवऱ्याला म्हणाली, "आपली इक्री हद्दीच्या खाली हाय. आपल्याले कायी भराचं नाई." ते अगदी खरे होते.

पुढच्या दिवाळीनंतर मनकर्णाबाई बहिणीच्या बाळंतपणाला हिवरखेडला गेली होती. तेव्हाच कचेरीतून एक इन्स्पेक्टर दुकानांची पाहणी करत आला. त्याने वही मागितली. वही नव्हती. शेषरावांनी फळीवरच्या वर्षभराच्या गड्ड्या आणि भरलेली मी, असे सारे त्याच्यापुढे मांडले. तो बिचारा दुपारभर घाम पुसत बेरजा करत बसला. मधली चिठ्ठी आणि कोपऱ्यातली चिठ्ठी, दोन्ही. दोन्हीवर नाव तेच, माल तोच, रक्कम तीच. त्याला काय ठाऊक! त्याला वाटले, पार्वताबाईने दोनदा नाडा नेला.

बेरीज संपल्यावर तो म्हणाला, "वा शेषराव! दुकान लहान, पण विक्री मोठी आहे तुमची. हे सारे तुमच्याच दुकानाचे ना?"

शेषरावांना भोकांचा अर्थ ठाऊक होता. तोंड उघडून एक वाक्य बोलायचे होते. पण शेजारी कापडवाले उत्तमराव उभे होते, आणि एवढ्या मोठ्या साहेबाने त्यांच्यादेखत 'वा' म्हटले होते. शेषराव छाती काढून म्हणाले, "हो जी. सारं आपलंच हाय."

इन्स्पेक्टरने आकडा डायरीत लिहिला, खाली शेषरावांचा अंगठा घेतला आणि तो गेला. मी तिथेच लटकत होते. मला राग आला, पण तारेच्या रागाला कोण विचारतो?

महिन्याने नोटीस आली. विक्री मर्यादेच्या वर असूनही नाव नोंदवले नाही, कर आणि दंड मिळून अकराशे रुपये का वसूल करू नयेत, अमुक तारखेला सर्व कागद घेऊन हजर राहा. अकराशे रुपये! दुकानातला सारा माल विकला तरी तेवढे आले नसते. मनकर्णाबाई परत आली होती. तिने नोटीस दोनदा वाचली, आकडा पाहिला आणि चक्क हसली.

"अवो, हे तं डबल झालं. हरेक माल दोनदा धरला त्यानं. जोड्या लावून दाखवू साहेबाले. भ्याचं कायी काम नाई."

हातच्या काकणाला आरसा कशाला, तशी गोष्ट होती. तिने गड्ड्या सोडल्या आणि मधली-कोपऱ्यातली, मधली-कोपऱ्यातली अशा जोड्या सुतळीने बांधायला घेतल्या. चार दिवस ती त्याच कामात होती. सगळ्यात वरच्या चिठ्ठ्या तेवढ्या माझ्यातच राहिल्या. तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी ती वलगावला निघाली, पार्वताबाईला साक्षीला बोलवायला.

ती गेली आणि उत्तमराव आले. म्हणाले, "शेषराव, कागद दाखवाल तं फसाल. साहेब त्यातून आनखी कायी काढीन. कागदच नसले तं काय पाहीन तो? वाळवी लागली म्हना." एवढे सांगून ते आपल्या दुकानात गेले. त्यांनी मुद्दाम वाईट केले असे मी म्हणणार नाही. फुकटचा सल्ला देणाऱ्याला तो विसरून जायला वेळ लागत नाही.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खरे आहे. शेषरावांनी दार लोटले, दुकानामागच्या घरातली चूल पेटवली आणि गड्ड्या एकामागून एक आत सारल्या. चार दिवसांच्या जोड्या. माझ्यातल्या चिठ्ठ्या काढायचा धीरही त्यांना राहिला नाही. त्यांनी मला तशीच, चिठ्ठ्यांसकट, चुलीत ढकलली. आधी कागद पेटले, मग चकती पेटली. नावे माझ्या अंगाखांद्यावर जळत गेली आणि मी लाल होत गेले. मला वेदना होत होत्या म्हणून नाही, मित्रांनो, पण त्या दिवशी मला प्रथमच वाटले की मी भंगारातच राहिले असते तर बरे झाले असते.

मनकर्णाबाई दुपारी परतली. घरात धूर होता आणि शेषराव चुलीसमोर बसले होते.

"हे काय केलं जी तुमी?"

"कागदच नाई तं साहेब काय पाहीन? उत्तमराव म्हने..."

तिने चुलीत डोकावून पाहिले. मग हळू आवाजात म्हणाली, "त्याची बेरीज त्याच्या डायरीत हाय. आपली वजाबाकी तुमी जाळली."

शेषरावांच्या तेव्हा ध्यानात आले. ते तोंड झाकून रडले. तिने चिमट्याने मला राखेतून काढले आणि पाण्यात बुडवले. चकती जळून गेली होती. मधल्या भागात नखाएवढा एक करपलेला कागद मात्र चिकटून राहिला होता.

दुसऱ्या दिवशी तिने मला पदरात गुंडाळून कचेरीत नेले. तिथले मोठे साहेब पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी कागद मागितले. शेषराव चाचरत म्हणाले, "साहेब, वाळवीनं..."

"वाळवीनं नाई खाल्ले," मनकर्णाबाई मध्येच म्हणाली. "आमी जाळले."

साहेबांची लेखणी थांबली. "का जाळले?"

"भ्यालो जी."

जाळले होते एकाने, पण ती दोन्ही वेळा 'आमी'च म्हणाली. मग तिने मधल्या भोकाची आणि कोपऱ्यातल्या भोकाची सारी रीत समजावून सांगितली. साहेबांनी नीट ऐकून घेतली. पार्वताबाई पुढे झाली आणि तिने आपले बोट साहेबांच्या टेबलावर ठेवले. "म्या या हातानं टोचल्या, साहेब. कोपऱ्यात. दर टाइमाले रगत निंगे. नाडा म्या एकच नेला, दोन नाई."

"बाई, तुमचे खरे असेल," साहेब म्हणाले. "पण बेरीज कागदावर आहे, खाली अंगठा आहे. वजा करायला मलाही कागद लागेल. एक जोडी तरी उरली आहे का? एक दाखवा, मी पुन्हा चौकशी लावतो."

मनकर्णाबाईने मला टेबलावर ठेवले आणि तो करपलेला तुकडा दाखवला. साहेबांनी भिंग काढले. कडा चारी बाजूंनी जळाल्या होत्या. उरले होते नुसते भोक आणि त्याभोवतीचा काळा कागद.

"हे भोक मधले की कोपऱ्यातले?" साहेबांनी विचारले.

मनकर्णाबाईला सांगता येईना. पार्वताबाईलाही येईना. मला येत होते. वीस वर्षे मी हजारो चिठ्ठ्या पोटात घातल्या आणि बोलायची वेळ आली तेव्हा मी लोखंड होते. साहेबांनी भिंग खाली ठेवले, मला परत तिच्या हातात दिले आणि हुकूम लिहायला घेतला.

दुकान गेले. नाडे, टोपल्या, बियाण्याचे डबे, सारे आठ दिवसांत विकले गेले आणि तरी पैसे पुरले नाहीत, म्हणून मनकर्णाबाईच्या पाटल्या गेल्या. जागा उत्तमरावांनी घेतली. तिथे आता लुगडी मिळतात. शेषराव आणि मनकर्णाबाई वलगावला येऊन दुसऱ्याच्या मळ्यात राबतात. ती सकाळी मेथी-सांबाराची टोपली घेऊन बाजारात बसते. तिच्या टोपलीची विक्री विचारायला कोणता साहेब येणार आहे? तरीही आल्या आल्या तिने झोपडीच्या कुडाला दोन खिळे ठोकले. एकावर मला टांगले. दुसऱ्यावर मोडक्या छत्रीची काडी वाकवून टांगली. तिच्यावर माल, माझ्यावर पैसे. दोन्ही पुन्हा कधी एकत्र व्हायचे नाहीत.

परवा संध्याकाळी शेषराव एक चिठ्ठी हातात धरून आम्हा दोन तारांसमोर उभे राहिले. ते पूर्वीसारखे बोलत नाहीत. त्यांनी विचारले, "हे कोन्त्या तारेवर लावू?"

भाजी निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली, "पैशाच्या."

त्यांनी ती माझ्यात खोचली. कोपऱ्यातच, फार जपून.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी दुकान काढाल, कुणी साहेबाच्या खुर्चीत बसाल. आपला हिशेब दुसऱ्याला वाचता येईल असा लिहा. कुणी चुकीची बेरीज वाचून 'वा' म्हटले तर तिथल्या तिथे तोंड उघडा. आणि भीती वाटली तर खुशाल रडा, पण कागद जाळू नका. खऱ्याला साक्षीदार लागतो, आणि आम्हा साक्षीदारांना जीभ नसते.

तो करपलेला तुकडा अजून माझ्या अंगावर आहे. मनकर्णाबाईने तो काढलेला नाही. साहेबांनी विचारले होते ते आज तुम्हाला सांगते. ते भोक कोपऱ्यातले आहे. पार्वताबाईची चिठ्ठी. मोटेचा नाडा, सव्वाचार रुपये. पैसे पोचले.