सत्तेचाळीस जुने, एक नवा

माझ्या सासऱ्यांचा आवाज तीन दुकानं पलीकडे ऐकू जातो. भाजी करपली की ते माझ्या बायकोला फैलावर घेतात, पत्र उशिरा आलं की टपालवाल्याला, आणि कुणीच हाताशी नसलं तर वजनकाट्यालाही चार शब्द सुनावतात. मला मात्र लग्नाला दीड वर्ष झालं तरी एक चढा शब्द नाही. चहा सांडला तर, "असू द्या, जावईबापू." माप चुकलं तर, "होतं असं, जावईबापू." लोक म्हणतात, नशीबवान आहेस. लोकांचं काय जातंय बोलायला! या घरात आपल्या माणसावर ओरडतात. माझ्यावर कुणी ओरडत नव्हतं, आणि ते मला रात्रंदिवस खुपत होतं.

सासऱ्यांचं दुकान पोलादी छर्र्यांचं; लग्नानंतर मीही तिथेच बसू लागलो. खाली दुकान, वर आमचं घर. मोहरीएवढ्या छर्र्यापासून संत्र्याएवढ्या गोळ्यापर्यंत सगळी मापं लाकडी खणांत भरलेली. दुपारी काउंटरवर ऊन आलं की प्रत्येक छर्र्यात एक खिडकी उमटते आणि खिडकीपुढे एवढासा मी. एका वेळी हजार मी, पण एकाचंही त्या दुकानात काही चालत नसे.

मी मूळचा व्हॉल्व दुरुस्त करणारा. एकटा माणूस, एक खोली, एक ट्रंक. व्हॉल्वमधला छर्राही एकटाच असतो. पाणी उलटं फिरलं की आपल्या बैठकीवर बसायचं आणि वाट अडवायची, एवढंच त्याचं काम. खराब झाला की काढून टाकायचा आणि नवाकोरा घालायचा. मी वीस वर्षं हेच केलं होतं. बेअरिंगमध्ये एका कड्यात कितीतरी छर्रे मिळून फिरतात, त्याची तऱ्हा वेगळी असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि जावई असून कसं विचारायचं म्हणून मीही विचारलं नव्हतं.

तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. आठ महिन्यांपूर्वी सासरे दाताच्या डॉक्टरकडे गेले असताना बागेतला चक्रवाला आला. त्याच्याकडे लाकडी घोड्यांचं मोठं चक्र आहे, मुलांना बसवून गोल फिरवायचं. त्याच्या बेअरिंगमधला एक छर्रा तडकला होता. मी त्याला त्याच मापाचा सगळ्यात चकचकीत छर्रा निवडून दिला, वर फडक्याने पुसूनही दिला.

परवा दुपारी तो परत आला. रुमालाची गाठ सोडून त्याने काउंटरवर दोन अर्धुकं ठेवली. माझा छर्रा सरळ मधोमध फुटला होता. दुसऱ्या हातातल्या पिशवीत बाकीचे सत्तेचाळीस होते.

"आवाज आला तसं लगेच थांबवलं, म्हणून कडं वाचलं," तो म्हणाला. "पण परवा सुट्टी. पोरं येतील आणि माझे घोडे उभे."

सासऱ्यांनी तुकडे बोटांनी चाचपले. त्यांना हल्ली फार दिसत नाही. "एकच छर्रा कुणी दिला तुला?"

चक्रवाला छताकडे बघू लागला. मी म्हटलं, "मी दिला."

सासऱ्यांच्या कपाळाची शीर उभी राहिली, तोंड उघडलं. मी वाट पाहत होतो. खरं सांगतो, आतुरतेने वाट पाहत होतो. मग त्यांनी तोंड मिटलं, तुकडे बाजूला ठेवले आणि म्हणाले, "असू द्या, जावईबापू. तुम्हाला काय कल्पना."

त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

का फुटला, तेही त्यांनी मला नाही, चक्रवाल्याला सांगितलं. "जुने सगळे मिळून झिजतात. केसाएवढेसुद्धा नाही, पण झिजतात. त्यांच्यात नवा उंच ठरतो. मग सगळे घोडे त्या एकट्याच्या डोक्यावर. बाकीचे नुसते सोबत फिरतात. एक तर सगळे नवे घालायचे, नाहीतर तेवढाच झिजलेला शोधायचा." या मापाचे अठ्ठेचाळीस नवे दुकानात नव्हते, मागवायला महिना लागला असता. म्हणून शोधायचं ठरलं. मी म्हटलं, मी शोधतो. सासरे म्हणाले, "कशाला तुम्ही त्रास घेता?" मी ऐकलं नाही.

मागच्या खोलीत दोन लांब पोलादी सळया उतरत्या बसवल्या आहेत. वर त्या जवळजवळ आहेत आणि खाली येता येता एकमेकींपासून जराशा लांब होत जातात. छर्रा वरून सोडला की दोन्ही सळयांवरून घरंगळत येतो, आणि जिथे फट त्याच्या मापाची होते तिथे खालच्या खणात पडतो. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस अकराव्या खणात पडले. मला त्यांचा हेवा वाटला.

मग जुन्या छर्र्यांचे डबे उघडले. सळयांवरून एकेक छर्रा सुरर्र करत यायचा, टप्प पडायचा. कधी नववा खण, कधी तेरावा. पुन्हा सुरर्र, पुन्हा टप्प. ऊन भिंतीवर चढत गेलं. चक्रवाला पोत्यावर बसल्या बसल्या पेंगू लागला, आणि माझेही डोळे जड झाले. वाटलं, खोलीच हळूहळू फिरते आहे. ठिपक्यांचे घोडे डब्यांमागून निघून दाराबाहेर जात होते आणि पुन्हा खिडकीतून आत येत होते. माझी जुनी एकटी खोली ट्रंकेसकट मागे मागे जात होती. तिला हात करावा की नाही, हे मला ठरवता येईना.

टप्प. अकरावा खण.

मी खडबडून जागा झालो. छर्रा उचलून पाहिला, गंज नाही, ओरखडा नाही, आरशासारखा स्वच्छ. धावत जाऊन सासऱ्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी आधी जुन्यांपैकी एक ऐरणीवर टाकला. टिंग! तो उसळून हातात परत आला. मग माझा टाकला. तो थप्प करून पडला आणि दोनदा लोळून निजला. सासऱ्यांनी लोहचुंबक जवळ नेलं, तरी तो चिकटेना.

"हा व्हॉल्वमधला आहे," ते अगदी हळू म्हणाले. आणि मग आभाळ फाटलं.

"अरे गाढवा! पाण्यात बसणारा मऊ छर्रा घोड्यांखाली घालतोस? चकचकीत दिसला की उचलला! दीड वर्ष दुकानात काय झोपा काढल्यास? माझे डोळे गेलेत, तुझे कुठे गेलेत? येत नाही तर विचारायला तोंड नाही? मी दाताला गेलो होतो, मेलो नव्हतो!"

पोतं लवंडलं, चक्रवाला उभा राहिला. सासऱ्यांच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. आठ महिन्यांपूर्वीचा छर्रा, सांडलेला चहा, चुकलेली मापं, एकेकाचा हिशोब निघाला. म्हणजे त्यांनी काहीच पोटात घातलं नव्हतं, नुसतं साठवलं होतं. माझे डोळे भरून आले आणि ओठ काही केल्या मिटेनात.

"वर हसतोस? डबे घे. पहिल्यापासून!"

जिन्यात पावलं वाजली. ओल्या हाताने बायको धावत खाली आली आणि शेवटच्या पायरीवर थबकली. "बाबा... यांच्यावर ओरडताय?"

"मग काय आरती ओवाळू? आणि तू काय बघत उभी राहिलीस? दोघं सारखेच बिनडोक. बस त्याच्या शेजारी, एक डबा घे!"

ती बसली. मी सळयांवर छर्रे सोडत होतो, ती खणातून उचलून ऐरणीवर वाजवत होती. अठ्ठेचाळिसावा सापडला तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागायचे होते. गढूळ, काळसर छर्रा होता, मी एरवी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. सासऱ्यांनी तो तीनदा वाजवला आणि चक्रवाल्याच्या पिशवीत टाकला. मग दुकान आवरताना फळी नीट लावली नाही म्हणून ते मला पुन्हा एकदा बोलले.

"फार लागलं का रे?" बायकोने कानाशी विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "घरी आल्यासारखं वाटलं."