शेवंतीची विहीर आणि तेलाचे घमेले

मित्रांनो, ज्या सकाळी विहिरीच्या पाण्यावर रंग दिसले, त्या सकाळी मी विहिरीपासून चार पावलांवर पालथे पडले होते. शेजारच्या भागीरथीवैनीने रोजच्यासारखी कळशी सोडली, वर ओढली, काठावर ठेवली आणि ती तशीच बघत राहिली. कळशीच्या तोंडाशी जांभळे, हिरवे, पिवळे रंग हलत होते. तिने बोट बुडवले, नाकाशी नेले आणि घराकडे तोंड करून हाक मारली.

"कृष्णा, जरा भायर ये रे. पाण्याक गाडयेचो वास येता."

कृष्णनाथ बाहेर आला. त्याने कळशीत बघितले. तेलाचे रंग त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने एकदा माझ्याकडे बघितले, मग सिमेंटच्या अंगणाकडे बघितले आणि पायरीवर बसला.

ते तेल माझ्यातून सांडले होते.

आठ दिवसांवर शेवंतीचे वर्षश्राद्ध होते. शेवंती म्हणजे कृष्णनाथची बायको. श्राद्धाचा स्वयंपाक ह्याच विहिरीच्या पाण्याने करायचा असे त्याने ठरवले होते, कारण ही विहीर शेवंतीची होती. वैशाख चालू होता. नळाला एक दिवसाआड पाणी यायचे आणि शेजारची तीन घरे ह्याच विहिरीचे पाणी प्यायची.

मी लोखंडी पत्र्याचे जुने घमेले आहे. त्या दोघांच्या लग्नाच्या वर्षी मी ह्या घरात आले, म्हणून दोघांचेही नावच घेते. घराच्या आत काय झाले ते मला ठाऊक नाही. मी अंगणातले. अंगणात जे बघितले तेवढेच सांगते.

मला डिचोलीच्या आठवड्याच्या बाजारातून कृष्णनाथने आणले. तो तेव्हा शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. घर मये गावात. शेवंती लग्न होऊन आली तेव्हा अंगणातली विहीर अर्धी बुजलेली होती. पाला, चिखल, फुटके मडके, सगळे त्यात. पाणी लांबून आणावे लागे. पहिल्याच मे महिन्यात तिने पदर खोचला आणि म्हणाली, आपण ही उपसू. कृष्णनाथ खाली उतरायचा, मला चिखलाने भरायचा, आणि ती दोरीने मला वर ओढायची. अकरा दिवस हे चालले. माझे दोन्ही कान, म्हणजे धरायच्या कड्या, सुरुवातीला शाबूत होते.

भागीरथीवैनी कुंपणापलीकडून बघायची. एकदा म्हणाली, "अगो, हीच व्हंकल मगे? म्हाका दिसलां, कृष्णान कामाक बायल हाडली."

व्हंकल म्हणजे नवी नवरी. शेवंती मला रिकामे करत होती. ती म्हणाली, "कामाची बायल सांजचे घरा वता, वैनी. म्हाका हांगाच रावचें आसा."

कामाची बाई संध्याकाळी आपल्या घरी जाते, शेवंतीला इथेच राहायचे होते. बाराव्या दिवशी खाली झरा लागला. पहिली कळशी शेवंतीने भागीरथीवैनीला दिली. तेव्हापासून वैनीचे तिच्याशी कधी वाकडे झाले नाही, पण टोमणे मारायचे तिने सोडले नाहीत.

त्या कामात माझा एक कान दगडावर आपटून तुटला. पुढे मी माती वाहिली, शेण वाहिले, नारळ वाहिले. मग खाण बंद झाली. कृष्णनाथने एक जुनी पिकअप घेतली आणि मये, कारापूर, साखळी असे नारळ पोचवायला लागला. त्या गाडीचे तेल तो घरीच बदलायचा. गॅरेजवाले घाई करतात, जुने तेल पुरते गळू देत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. तेल धरायला भांडे हवे होते. माझा एक कान गेलेला, काठ वाकडा झालेला. म्हणून मला गाडीखाली ठेवले. तेव्हापासून मी तेलाचे झाले. माझ्यात परत कोणी स्वच्छ वस्तू ठेवली नाही.

मित्रांनो, घरी तेल बदलणे दिसते तेवढे सोपे नाही. गाडी थोडी गरम करावी लागते. खालचा बोल्ट सोडताना तेल एकदम उडते. बोल्ट हातातून सुटून तेलात पडतो, तो शोधताना बोटे भाजतात. कृष्णनाथने ह्या सगळ्या चुका केल्या. एकदा तर जुने तेल काढल्यावर बोल्ट परत लावायलाच विसरला आणि वरून नवे तेल ओतत बसला. सगळे नवे तेल सरळ माझ्यात आले. शेवंती पायरीवर तांदूळ निवडत होती. तिने बघितले आणि विचारले, "नव्या तेलाक गाडी आवडली नाय, काय?"

पलीकडून भागीरथीवैनी म्हणाली, "शेवंती, तुजो घोव गाडयेक न्हाण घालता. तुका कधीं घालतलो?"

घोव, म्हणजे नवरा, गाडीखालून बाहेरच आला नाही. दोघी हसून थकल्या तेव्हा आला.

तेल सांडले की ते निस्तरायचे काम मात्र शेवंतीचे. तिची एक रीत होती. अंगण तेव्हा मातीचे, शेणाने सारवलेले. तेल सांडले की ती आधी तिच्या जुन्या सुती साडीची फडकी त्यावर टाकायची. तेल फडक्यांत चढले की ती उचलून वर भाताचे तूस पसरायची आणि तुसावर चुलीची राख. मग दुसऱ्या दिवसापर्यंत कोणाला हात लावू देत नसे. दुसऱ्या दिवशी मातीचा काळा थर फावड्याने काढायची, तिथे नवी माती भरायची आणि सारवायची. कुठे सांडले होते ते मलाही मग सापडत नसे.

एकदा कृष्णनाथ बादली घेऊन आला तेव्हा तिने त्याचा हात धरला होता. "तेलार पाणी ओतू नकात. पाणी ओतलां की तेलाक पाय फुटतत."

त्याने ऐकले आणि बादली ठेवली. पण फडकी, तूस, राख हे तिने सगळे हाताने केले. त्याने ते कधी केले नाही. त्याला वाटायचे, तेल बदलणे हे काम आणि पुसणे हे मागचे थोडे आवरणे.

आणखी एक काम तिचे होते. माझा एकच कान, आणि तेलाने भरले की मी जड होते. कृष्णनाथ कान धरायचा, शेवंती दुसऱ्या बाजूने फडक्याने काठ धरायची, आणि दोघे मला पडवीतल्या कॅनपर्यंत न्यायची. सावकाश चालायची. एक थेंब खाली पडत नसे. त्यातले थोडे तेल वाळवी लागू नये म्हणून फाटकाच्या खांबांना लावत. बाकीचे कॅन भरले की डिचोलीच्या गॅरेजमध्ये देत.

मागच्या वैशाखात शेवंतीला अंगणातून नेले. मी पडवीच्या कडेला होते. त्यानंतर अंगण कोणी सारवले नाही. पावसात चिखल झाला, पावसानंतर भेगा पडल्या. त्यांचा मुलगा साईश वास्कोला नोकरी करतो. तो आला, बापाला चिखलात चालताना बघितले आणि दिवाळीआधी सगळ्या अंगणाला सिमेंट घालून घेतले. वाईट हेतू नव्हता त्याचा. पाणी साचू नये म्हणून गवंड्याने उतार दिला, तो विहिरीच्या बाजूने दिला. साईशने बघितले नाही. कृष्णनाथ खुर्चीवर बसून होता, पण तो त्या वर्षी काहीच बघत नव्हता.

श्राद्ध जवळ आले तशी त्याने गाडी काढली. भटजींना कारापूरहून आणायचे होते, बाजार करायचा होता. गाडी महिनोन्महिने उभीच होती. साईश फोनवर म्हणाला असावा की गॅरेजला द्या, कारण कृष्णनाथ अंगणात उभा राहून फोनवर आईच्या श्राद्धाचे कारण देत म्हणत होता, "तुजे आवयचें काम, बाबा. गाडी म्हज्याच हातान तयार जावंदी."

मला गाडीखाली ठेवले. बोल्ट नीट निघाला. तेल काळे आणि घट्ट होते, हळूहळू उतरले. त्याने वेळ दिला. बोल्ट परत लावायला तो विसरला नाही. नवे तेल ओतले. मला वाटले, ह्या वेळी सगळे बरोबर झाले.

मग त्याने मला बाहेर ओढले आणि माझा कान धरला. दुसऱ्या बाजूला कोणी नव्हते. तो थोडा वेळ तसाच वाकून थांबला. मग त्याने मला उचलायचे सोडून ओढत न्यायला सुरुवात केली. सिमेंटच्या सांध्यात माझा वाकडा काठ अडकला. त्याने जोर लावला आणि मी कलंडले. पाच लिटर तेल. मातीवर सांडले असते तर तिथल्या तिथे मुरले असते. सिमेंटवर ते पसरतच गेले.

तो फडके आणायला घरात गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. फडकी शेवंतीच्या साड्यांचीच असायची. उरलेल्या साड्या पेटीत होत्या आणि त्या त्याने फाडल्या नाहीत. तूस घरात नव्हते. चूल आता पेटत नव्हती, स्वयंपाक गॅसवर, त्यामुळे राख नव्हती. सकाळी भागीरथीवैनी पाण्याला येईल आणि घसरून पडेल, अशी त्याला भीती वाटली. त्याने कपडे धुण्याची पावडर टाकली आणि नळी लावली. अंगण बघता बघता स्वच्छ झाले. मी पालथे पडल्या पडल्या बघत होते. फेस उतारावरून विहिरीच्या कट्ट्यापर्यंत गेला आणि कट्ट्याच्या दोन चिऱ्यांमधल्या फटीत शिरला. मला हाक मारता येत नाही.

तीन दिवसांनी पाण्यावर रंग दिसले. तिथून मी सुरुवात केली होती.

त्या सकाळी भागीरथीवैनी पायरीवर त्याच्या शेजारी बसली. विहीर उपसायची म्हटली तर झरा ह्या दिवसांत बारीक, पाऊस येईपर्यंत तीन घरे कोरडी राहिली असती. वैनी म्हणाली, "वयर तरंगता तितलें तरी काड. फडकीं घाल."

"फडकीं नात."

"पेट भरून कापडां आसात तिचीं." वैनीच्या बोलण्यात कापड म्हणजे साडी.

"तीं नाकात, वैनी."

वैनीने कळशी बाजूला ओतली. मग म्हणाली, "ती आसती जाल्यार पयलीं कापड फाडतली आसली, आनी मागीर तुका गाळी दितली आसली. तिणें विहीर काडली. कापडां कोणेंय घेवंक जातात."

साड्या कोणालाही विकत घेता येतात, विहीर मात्र शेवंतीने काढली होती, असे तिचे म्हणणे. कृष्णनाथ उठून आत गेला. तो आला तेव्हा हातात चार साड्या होत्या. निळी, दोन हिरव्या, एक विटलेली तपकिरी. त्याने त्या फाडल्या नाहीत, वैनीने फाडल्या. त्याने फडकी बांबूला बांधली आणि पाण्यावरून हळू फिरवली. तेलाने भिजलेली फडकी तो माझ्यात पिळायचा आणि परत सोडायचा. वैनीने कोणाकडून तरी तुसाचे पोते आणले आणि अंगणातल्या सांध्यांत, फटीजवळ पसरले. पाण्यावर टाकायचे नाही, हे तिने दोनदा सांगितले. रविवारी साईश आला आणि त्याने फट सिमेंटने बुजवली. मग त्याने उताराकडे बघितले आणि स्वतःच्या कपाळाला हात लावला.

आठ दिवस हे चालले. रोज रंग थोडे कमी झाले. पण वास गेला नाही. श्राद्धाच्या सकाळी कृष्णनाथने एक कळशी ओढली, तोंडाशी धरली आणि तुळशीत न घालता बाजूला ओतली. स्वयंपाक नळाच्या पाण्याने झाला. वैनीने आणि इतर दोन घरांनी पाणी आणले. शेवंतीने पस्तीस वर्षे ज्यांना पाणी दिले होते, त्यांनी त्या दिवशी तिच्या घरी पाणी आणून दिले.

मित्रांनो, मी लोखंडाचे आहे, मला फार शिकवता येत नाही. घरी तेल बदलत असाल तर तूस आणि फडकी आधी जवळ ठेवा, मग बोल्टाला हात लावा. सांडले तर पाणी ओतू नका. जुने तेल जमिनीत, गटारात जाऊ देऊ नका, गॅरेजमध्ये द्या. आणि तुमच्या घरात तुम्ही सांडलेले कोण पुसते ते एकदा बघून ठेवा, आणि ते कसे पुसते तेही शिकून घ्या. मागून विचारता येत नाही.

पिळलेले तेल आता कॅनमध्ये आहे. मला त्याने वैनीकडून आणलेल्या राखेने दोनदा घासले. आता मी विहिरीच्या कट्ट्यावर उपडे असते. तीन घरे अजून लांबून पाणी आणतात. वैनी रोज एक कळशी ओढून बघते आणि कृष्णनाथला दाखवते.

पेटीत आता सुती साडी एकच उरली आहे, पाचवी. ती लग्नातली. सुती आहे, तेल चांगले धरील, असे वैनी म्हणाली. कृष्णनाथने ती अजून बाहेर काढलेली नाही, आणि पाण्याच्या कडेला अजून रंग दिसतो.