बटणांचा पोकर

मी एक गोल टेबल बोलतोय. बस डेपोतल्या मेकॅनिकच्या घरी, खिडकीजवळ उभा असतो.

खरं तर मी चौकोनी होणार होतो. पण सुताराच्या हातून माझी एक फळी कोपऱ्यात तडकली, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "गोलच करा की. कोपरे हवेत कुणाला?" असा मी गोल झालो आणि एका वाचनालयात गेलो. तिथे माझ्याभोवती माणसं तासन्‌तास बसत, पण कुणी चकार शब्द काढत नसे. वाचनालय बंद पडलं तेव्हा मेकॅनिकने मला उचललं. त्याचे दोन जुने दोस्त मदतीला आले होते, एक पोस्टमन आणि एक दातांचे डॉक्टर. दारातून मी शिरेना, म्हणून माझे पाय सोडवावे लागले. मेकॅनिकने ते पुन्हा बसवले आणि माझ्यावर थाप मारून म्हणाला, "चला, आता पोकर आपल्या घरी."

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी चारला डाव मांडला जायचा. पैसे लावायचे नाहीत, हा मेकॅनिकच्या बायकोचा दंडक. ती शाळेत गणित शिकवायची. तिने शिवणाच्या डब्यातली बटणं काढून दिली होती. शर्टाचं बटण एक, कोटाचं बटण पाच. हरेल त्याने कप विसळायचे.

बहुतेक वेळा कप मेकॅनिकच विसळायचा. तो तोंडाने फार मोकळा. पानं चांगली आली की गप्प बसायचा आणि वाईट आली की बडबड सुरू. "आज तुमचं काही खरं नाही!" असं तो ओरडला की दोघे हसत हसत बटणं वाढवायचे. वाईट पानांवरही बटणं लावून बाकीच्यांना घाबरवायचं आणि पानं टाकायला लावायचं, ही पोकरमधली थाप; वीस वर्षांत त्याची एकही पचली नाही.

मग एका सकाळी डेपोत काम करतानाच त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण शब्द बाहेर पडत नव्हता.

दोस्त दोनदा भेटायला आले. डॉक्टर त्याच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसे मोठ्याने बोलले. पोस्टमन त्याच्यासमोरच वहिनींना विचारत राहिला, "जेवतो का? झोप लागते का त्याला?" मेकॅनिकने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर दोघे आले नाहीत. पोस्टमन पत्र दाराच्या फटीतून सरकवायचा आणि बेल न वाजवता निघून जायचा. माझ्या खिडकीतून मला त्याची पाठ दिसायची.

मेकॅनिकने व्यायाम सोडला. हात हलवायला शिकवणारी बाई आली की डोळे मिटून घ्यायचा. माझ्यावर औषधांच्या बाटल्या, इस्त्रीचे कपडे आणि तपासायच्या वह्या साठत गेल्या.

एक दिवस बायकोने पोस्टमनला दारातच गाठलं.

"भावोजी, शनिवारी चारला या. डॉक्टरांनाही आणा."

"वहिनी, पण त्याला आता..."

"पत्ते खेळायचेत. भाषण द्यायचं नाहीये."

तिने आयुष्यात पोकर खेळला नव्हता. आठवडाभर ती रात्रीच्या जेवणानंतर माझ्यापाशी बसून नियमांचं पुस्तक वाचत होती, परीक्षेला बसल्यासारखी. कोणती पानं कोणावर भारी, हे तिने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. एका हाताने पानं धरायची कशी, हा प्रश्न होताच. तिने कपडे झाडायचा नवा ब्रश आणला आणि नवऱ्यापुढे उलटा ठेवला. ब्रशच्या केसांमध्ये पाचही पानं छान उभी राहिली.

शनिवारी चौघे बसले. बायकोने पानं वाटली. मेकॅनिकची पाळी आली तसे डॉक्टर ओरडले, "तु-झी पा-ळी!"

मेकॅनिकने डावी मूठ माझ्यावर दोनदा आपटली. मी अख्खा हादरलो.

"डॉक्टर, त्यांचे कान शाबूत आहेत," बायको म्हणाली.

"अहो वहिनी, रागावला नाही तो," पोस्टमन म्हणाला. "दोनदा ठोकलं म्हणजे बटणं न लावता पुढे. चाल केलीये त्याने!"

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. पुढे जायचं तर टेबल ठोका, लावायचं तर बटणं सरकवा, सोडायचं तर पानं पालथी टाका. या खेळाला तोंड लागतच नाही.

चौथ्या डावात मेकॅनिकने आपली सगळी बटणं मधोमध ढकलली. कोटाची, शर्टाची, सगळी. तोंडातून अवाक्षर नाही, चेहरा अर्धा सुन्न.

"गप्प आहे," डॉक्टर पुटपुटले. "म्हणजे तगडं काहीतरी आलंय." त्यांनी पानं टाकली. पोस्टमनकडे राजांची जोडी होती, त्यानेही टाकली. बायकोने पुठ्ठ्याकडे पाहिलं, मनात हिशेब केला आणि तीही बाहेर पडली.

मेकॅनिकने एकेक पान ब्रशमधून काढून माझ्यावर उलटलं. दुरी, पंजा, सत्ती, नव्वा, गुलाम. एकाला दुसऱ्याची ओळख नाही.

मग पोस्टमन खुर्चीवरून उठलाच. "चोरा! लबाडा! माझे राजे खाल्लेस!"

आजारी पडल्यापासून त्याला कुणी शिवी दिली नव्हती. सगळे जपूनच बोलायचे. मेकॅनिकचं अर्धं तोंड वर गेलं, छातीतून घरघर आल्यासारखा आवाज निघाला. तो हसत होता. बायको कप उचलून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सोमवारी व्यायामवाली बाई आली तेव्हा त्याने आपणहून हात पुढे केला.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. वाचा पूर्ण परतलेली नाही. मोजके शब्द येतात, तेही कधी कधी भलतेच. 'हो' म्हणायचं असतं आणि 'चमचा' म्हणतो. डॉक्टर आता ओरडत नाहीत. त्याची बायको, म्हणजे आपल्या गणिताच्या बाई, सगळ्यांना हरवतात आणि त्याबद्दल त्यांना जराही वाईट वाटत नाही. माझं पॉलिश मात्र त्याच्या ठोक्यांनी एका जागी पार उडालं आहे.

तुमच्या ओळखीत कुणी असा गप्प झाला असेल, तर भेटायला जाताना पत्त्यांचा जोड खिशात घाला. तब्येतीची चौकशी नंतर करा. आणि तो जिंकला, तर त्याला मनापासून चोर म्हणा.

आज शनिवार, पावणेचार वाजलेत. बाई वह्या उचलायला आल्या आहेत.