मावशीसाठी प्रार्थना

आमच्या आईने मावशीला माफ केलं होतं. रोज करायची. तिथेच तर सगळा घोळ होता.

आईचं शिवणकामाचं दुकान. संध्याकाळी मशिनी थांबल्या की कापडाचे तागे बाजूला सरकवून चर्चच्या मंडळीतल्या बायका तिथेच प्रार्थनेला जमायच्या. आजारी माणसं, नोकरी शोधणारे जावई, पाळकांचा बसलेला घसा, सगळं देवाच्या कानावर घालून झालं की आईचा आवाज भरून यायचा. “प्रभू, माझ्या बहिणीला क्षमा कर. आमची आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा ती एकदाही फिरकली नाही. मी एकटीने सगळं केलं.” मग कूस बदलण्यापासून औषधापर्यंत ते सगळं यायचं. देवाला ते पाठ झालं असणार, मला तर झालंच होतं. बायका डोळे पुसायच्या आणि आईच्या चांगुलपणावर पुन्हा एकदा शिक्कामोर्तब व्हायचं.

माफ केलंयस तर रोज उकरून कशाला काढतेस, असं मी एकदा म्हणालेही. तिने कात्रीवरची नजर न उचलता मला गप्प केलं. पण अलीकडे बायबल उघडून ती नुसतीच बसायची. पूर्वी वाचता वाचता मला हाक मारून एखादी ओळ ऐकवायची, ते बंद झालं होतं. देव माझ्याशी बोलतच नाही गं, असं म्हणाली एकदा. मला तिची फार काळजी वाटायची.

मग मावशीच्या नवऱ्याची बदली झाली आणि मावशी आमच्याच गावात राहायला आली. पहिल्याच आठवड्यात ती संध्याकाळी दुकानात हजर. स्टूल ओढून आईच्या समोरच बसली.

सगळ्यांची नावं घेऊन झाली. आईचा आवाज सवयीने भरून आला. “प्रभू, माझ्या बहिणीला...” आणि गाडी अडली ती अडलीच. बायका डोळे किलकिले करून बघू लागल्या.

शेवटी आईने डोळे उघडले आणि देवाला तसंच ठेवून थेट मावशीशी बोलली.

“तू आली नाहीस म्हणून मी चांगली ठरले. ते चांगलं ठरणं मला सोडवेना. आज सोडते बघ.”

मावशीला रडू फुटलं. तेव्हा का येता आलं नाही ते ती सांगू लागली, पण आईने तिला हातानेच थांबवलं. मला पुढचं काही सुचत नाहीये, म्हणाली, आता तू कर प्रार्थना.

मावशीने चारचौघांत कधी प्रार्थना केलेली नव्हती. नाक पुसत, अडखळत तिने सुरुवात केली.

“प्रभू, माझी ताई एकटी पडली होती. फार दमलीये ती. आता तिला जरा बसू दे.”

त्या दुकानात एवढ्या प्रार्थना झाल्या, पण आईसाठी कोणी केलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. आमेन आईनेच म्हणायचा रिवाज होता. पण ती मावशीच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडत होती, म्हणून ते आम्ही म्हणालो.