टोळीची उत्तरं

भैरूला जाऊन पंधरा-सोळा वर्षं उलटली होती, तरी गेल्या दिवाळीपासून तो शकुबाईच्या घरी रोज जेवायला यायला लागला. शकुबाईला तो दिसत नसे. तिच्या नवऱ्याला, सयाजीला दिसे. ताट वाढलं की सयाजी थोडा सरकून घेई, भिंतीकडे बघून म्हणे, "बस की रं, भाकर गार व्हती," आणि शकुबाईनं दुसरं ताट मांडल्याशिवाय घास उचलत नसे.

सयाजी नि भैरू एकाच टोळीतले माथाडी. दोघंही साताऱ्याकडचे. वाशीच्या मार्केटात पाठीवर गोण्या वाहून दोघांनी उमेदीची वर्षं घालवली. एके दिवशी मिरचीच्या गोण्यांची थप्पी कोसळली आणि भैरू तिच्याखाली गेला. सयाजी तेव्हा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्यावर तो कधी चकार शब्द बोलला नव्हता. आता दिवसभर भैरूशीच बोलत होता.

घणसोलीच्या त्या माथाडी वसाहतीत अशा गोष्टीला एकच नाव होतं, बाधा. शकुबाईनं लिंबू उतरवलं, गावाकडून अंगारा मागवला, अमावास्येला तळवलीच्या वाटेवर दहीभात ठेवून मागं न बघता परत आली. भुताखेताचं असतं तर एवढ्यानं भागलं असतं. पण हे भूत रोज जाताना घरातलं काहीतरी घेऊन जाई. आधी त्यानं नातवाचं नाव नेलं, मग मोरीचं दार कुठं ते नेलं, मग सदऱ्याची बटणं कशी लावायची ते नेलं. शकुबाईला त्याची भीती वाटायची आणि रागही यायचा, कारण मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

भैरूची बायको चांगुणाबाई वरच्याच मजल्यावर राहायची. टोळीनं इतकी वर्षं आपल्या मजुरीतून वाटा काढून तिचं घर चालवलं होतं. भैरू इथं जेवायला येतो हे तिच्या कानावर गेलं तर ती चिडेल, असं शकुबाईला वाटलं. ती आली, दारात टेकली आणि हळूच म्हणाली, "भावजी, काय म्हनत्यात आज?"

सयाजीनं भिंतीकडं कान दिला. "गुडघा दुखतुय म्हनतो."

चांगुणाबाई रडली नाही. दुसऱ्या दिवशी ती वाटीत तेल कोमट करून घेऊन आली. शकुबाईनं ती घेऊन भिंतीपाशी ठेवली.

अशात वसाहतीत एक पाहणी आली. ऋता नावाची सडपातळ मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. सरकारनं म्हातारपणच्या विसरण्यावर संशोधनासाठी पैसा काढला होता म्हणे. ज्या भागात असे लोक जास्त सापडतील तिथं केंद्र निघणार होतं. डॉक्टर, दिवसभर माणसं सांभाळणाऱ्या बाया, शिवाय पुढच्या पिढीला हे होऊ नये म्हणून बीपी-शुगरची तपासणी. ऋतानं हे सगळं नीट सांगितलं होतं. शकुबाईच्या ते एका कानातून शिरलं नि दुसऱ्यातून गेलं. तिच्या डोक्यात एकच होतं, 'येडा' म्हणून शिक्का बसला तर वसाहतीत तोंड कसं दाखवायचं.

आणि टोळीची रीतच तशी. एखाद्याचा खांदा गेला तर त्याची गोणी दुसऱ्यानं उचलायची आणि कुणालाही कळू द्यायचं नाही. त्या दिवशी खोलीत सयाजीच्या टोळीतले दोघं-तिघं येऊन बसले होते. ऋतानं विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?" सयाजीनं मान वळवली आणि त्यांचा जुना मुकादम बंडू खोकत खोकत म्हणाला, "आज बेस्तरवार, उपास आसंल की तुमचा." सयाजी म्हणाला, "बेस्तरवार." महिना शकुबाईनं कॅलेंडरकडं हात करून सांगितला. वजाबाकी तर सगळ्यांनी मिळून केली. हसले सगळे. ऋताही हसली, पण जाताना दारात थांबून म्हणाली, "मावशी, तुम्ही उत्तरं दिलीत तर मला आजोबा कसे कळणार?"

"काय बी झालं न्हाई त्यांना," शकुबाई म्हणाली.

इमारतीत घरोघरी हेच झालं. बंडू मुकादमाच्या घरी तर ऋताला त्याची म्हातारी बायको भेटलीच नाही. गावाला गेली होती. बऱ्याच घरांतली म्हातारी माणसं त्या आठवड्यात गावाला गेली होती. शेवटी इथं असे रुग्ण नाहीत असं ठरलं आणि केंद्र दुसरीकडं गेलं. कुणाला काही वाटलं नाही. चोराच्या मनात चांदणं, म्हणून कुणी कुणाला विचारलंही नाही.

उन्हाळ्यात एका भर दुपारी सयाजी घरातून नाहीसा झाला. शकुबाई अनवाणीच बाहेर पडली. इमारतीचा एकेक मजला चढत दार वाजवत सुटली. बंडूच्या दाराला बाहेरून कडी होती. ती वळणार तेवढ्यात आतून कुणीतरी दारावर थाप मारली, सावकाश, एकसारखी. "कोन हाय?" शकुबाईनं विचारलं. आतून बंडूच्या बायकोचा आवाज आला, "आये, मला न्ह्यायला आलीस का?"

पुढच्या मजल्यावर आणखी एका दाराला तशीच कडी. आत कुणीतरी भांडं वाजवत होतं. शकुबाईच्या तेव्हा ध्यानात आलं. गावाला गेलेली सगळी माणसं इथंच होती. इतके महिने ती त्यांच्या खालून-वरून ये-जा करत होती आणि तिला वाटत होतं, भूत आपल्याच घरात शिरलंय.

सयाजी ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला सापडला. पाठ वाकवून, दोन्ही हात मागं धरून तो नसलेली गोणी घेऊन चालला होता. बाजूनं ट्रक धडाडत जात होते. शकुबाईनं त्याला मिठीत धरलं तेव्हा तो कळवळून म्हणाला, "सोड, थप्पी पडंल."

दुसऱ्या दिवशी ती ऋताकडं महापालिकेच्या आरोग्य केंद्रात गेली आणि सगळं खरं सांगून मोकळी झाली. बंडूच्या दाराचंही सांगितलं. ऋता रागावली नाही. "गेलेलं परत येत नाही, मावशी. मी खोटं नाही सांगणार," ती म्हणाली. "पण जे राहिलंय ते थोडं जास्त टिकवता येतं. आणि तुमच्या मुलाचं बीपी आजपासून बघता येतं. पुढच्या वर्षीचा निधी कुठे द्यायचा, ते या महिन्यात ठरतंय. परत मोजणी घेते मी. फक्त तुम्ही मधे बोलायचं नाही. काहीही झालं तरी."

"न्हाई बोलत," शकुबाई म्हणाली. तिला ते सोपं वाटलं होतं.

सोमवारी ती सयाजीला घेऊन गेली. त्याला धुतलेला सदरा घातला होता. ऋतानं वार विचारला. सयाजीनं मान वळवून शकुबाईकडं बघितलं. तिनं नजर खाली घातली. महिना विचारला, त्यानं परत बघितलं. शहर विचारलं. त्याच्या कपाळावर घाम आला. "आगं, सांग की," तो पुटपुटला. उभ्या जन्मात त्यानं कुणाकडं असं काही मागितलं नव्हतं. शकुबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. आपण ह्याला भर बाजारात गोणीखाली सोडून बाजूला झालोय, असं तिला वाटत होतं.

"राहू दे आजोबा," ऋता म्हणाली. "एकच सांगा. या तुमच्याशेजारी बसल्यात त्या कोण?"

सयाजीचा चेहरा एकदम खुलला. हे त्याला येत होतं.

"ही व्हय? ही आमच्या भैरूची बायकू," तो म्हणाला. "लई वंगाळ झालं बगा हिचं. मानूस थप्पीखाली गेला, माज्या डोळ्यादेखत. मी हात दिला न्हाई. पाय हललाच न्हाई माजा. तवापासनं आमीच बघतो हिचं. हिला कुनी न्हाई."

ऋतानं शकुबाईकडं बघितलं. शकुबाईचा हात गळ्यातल्या मण्यांवर गेला होता. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द गळ्यापर्यंत आला, आणि तिनं तो गिळला. ऋताचं बोट टॅबवर फिरलं. त्या इमारतीतलं पहिलं माणूस मोजलं गेलं.

परतताना सयाजी तिच्याबरोबर चालेना. दुसऱ्याच्या बायकोबरोबर जाताना माणूस चालतो तसा, चार पावलं पुढं, मागं न बघता चालत राहिला. शकुबाईनं दोनदा त्याला गाठलं, दोन्ही वेळा त्यानं अंग चोरून अंतर धरलं. मोठ्या रस्त्यापाशी मात्र तो थांबला आणि गाड्यांकडं बघत म्हणाला, "दमानं या वैनी. भैरू आसता तर त्यानं हात धरला आसता तुमचा."

"व्हय भावजी," शकुबाई म्हणाली, आणि त्याच्या मागोमाग तिनं रस्ता ओलांडला.